'ग्रॅव्हिटी'मधला तो दोर: कोवाल्स्कीने हूक काढणं ही पटकथेची चूक आहे का?

मृगशीर्ष
(चित्रपट पाहिला नसेल तर आधी पाहून या. शेवटासकट सगळं इथे उघड बोललं जाणार आहे.)

परवा लेकीबरोबर 'ग्रॅव्हिटी' पुन्हा पाहिला. २०१३ मध्ये थ्रीडी चष्मा लावून थिएटरात पाहिला होता, तेव्हा ती सहा महिन्यांची होती आणि आईकडे ठेवून गेले होते. आता ती सातवीत आहे.

स्पेस स्टेशनजवळचा तो प्रसंग आला. फुटलेल्या उपग्रहाच्या कचऱ्याने त्यांचं अंतराळयान (शटल) उद्ध्वस्त झाल्यावर दोघं अंतराळवीर जेटपॅकने (पाठीवर बांधून उडायचं यंत्र) तिथे आलेत. रायन स्टोनचा (सँड्रा बुलक) पाय सोयुझ या रशियन यानाच्या पॅराशूटच्या दोरांत अडकलाय. तिला बांधलेल्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मॅट कोवाल्स्की (जॉर्ज क्लूनी). तो म्हणतो की दोर सैल आहेत, माझ्यामुळे तूही ओढली जातेयस. आणि हूक काढून टाकतो. माझ्या डोळ्यांत पाणी, आणि लेक विचारते, "आई, ते दोघं थांबलेत ना? मग त्याला ओढतंय कोण? तिथे खाली असं काही नाहीच आहे."

मी पॉज केलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी मला उत्तर देता आलं नाही. पट्टा हलकेच ओढला असता तरी तो तिच्याकडे तरंगत आला असता, हे तिचं म्हणणं मला पटतंय. पण मग चित्रपटातला सगळ्यात मोठा त्याग विनाकारण झाला असं होतं, आणि ते मन मानत नाही. जाणकारांनी सांगा. चित्रपटातल्या इतर चुकाही चालतील, पण मला मुख्यतः या दोराचं उत्तर हवंय.

केशर_आंबा
लेकीला माझ्याकडून मोठं चॉकलेट!

माझ्या डोक्यात राहिलेली चूक म्हणजे केस. सोयुझमध्ये, स्टेशनमध्ये सगळं तरंगतंय आणि बुलकचे केस मात्र डोक्याला चिकटून. आखूड असले तरी ते उभे राहायला हवे होते. दुसरी चूक अश्रूंची. ती रडते तेव्हा थेंब डोळ्यांतून सुटून तरंगत येतात. खरं तर पृष्ठताणामुळे पाणी डोळ्यालाच चिकटून राहतं आणि त्याचा गोळा वाढत जातो. कॅनडाचे अंतराळवीर ख्रिस हॅडफील्ड यांनी स्टेशनवर डोळ्यात पाणी घालून ते दाखवलं होतं.

अनुस्वार
केस आणि अश्रू सोडून देऊ या. तो थेंब कॅमेऱ्यासमोर येतो आणि त्यात तिचा चेहरा उलटा दिसतो, त्या एका शॉटसाठी मी पृष्ठताण माफ करायला तयार आहे.

दुर्बीणवाला
मृगशीर्षताई, लेकीचा प्रश्न नेमका आहे. मी आकडे मांडून पाहिले.

कक्षेत स्टेशन, स्टोन, कोवाल्स्की सगळे एकत्रच पृथ्वीभोवती पडत असतात, त्यामुळे एकाला दुसऱ्यापासून ओढणारं असं बळ जवळजवळ नसतं. 'जवळजवळ' म्हणतो कारण स्टेशनपेक्षा पृथ्वीच्या ३० मीटर जवळ असलेल्या माणसावर थोडा फरक पडतो. माणूस, सूट आणि जेटपॅक मिळून ३५० किलो धरले तर हा फरक ०.०४ न्यूटन येतो. तळहातावर चार ग्रॅम वजन ठेवा, तेवढा. त्याने दोर सुटत नाही.

दुसरी शक्यता, स्टेशन स्वतःभोवती फिरत असेल आणि तो गोफणीतल्या दगडासारखा बाहेर फेकला जात असेल. त्याच्या पट्ट्यावर १०० न्यूटन ताण हवा असेल (दहा किलोची पिशवी हातात धरल्यावर लागतो तेवढा), तर ३० मीटर त्रिज्येवर साधारण ६४ सेकंदांत एक फेरा व्हायला हवा. चारशे टनांहून जड स्टेशन मिनिटाला एक फेरा घेत असतं तर मागे पृथ्वी गरगरताना दिसली असती. मला तरी तसं दिसलं नाही.

माझं मत: चूक आहे. चूभूद्याघ्या.

लाटकर
मला अशा धाग्यांचं खरंच वाईट वाटतं. मी हा चित्रपट बाबा गेल्यानंतर महिन्याभराने एकट्याने पाहिला होता. स्टोनची मुलगी गेलेली आहे, ती कामावरून सुटली की नुसती गाडी चालवत राहते, रेडिओवर काहीही लागलेलं असतं. हे ऐकलं तेव्हा मी थिएटरात हुंदके देत होतो. कोवाल्स्की तिला सोडायला शिकवतो. तो दोर न्यूटनचा नाहीच, मृत्यू स्वीकारण्याचा आहे. तिथे ०.०४ न्यूटन कशाला मोजायचे?

दुर्बीणवाला
लाटकर, तुमच्या दुःखाबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण मोजतो ते कमी लेखायला नव्हे. ज्या चित्रपटाने अवकाशात आवाज नसतो हे पाळलं, स्टेशनच्या चिंधड्या उडताना फक्त पार्श्वसंगीत आणि हातमोज्यातून जाणवणारा थरथराट ऐकवला, त्याच्याकडून माझ्या अपेक्षा वाढतात. साध्या मारधाडीच्या चित्रपटाचे आकडे मी मांडलेच नसते.

मृगशीर्ष
लाटकर, मलाही तो प्रसंग तसाच भिडतो, म्हणून तर विचारतेय. मला तो प्रसंग वाचवायचा आहे.

डॉ_वैजू
एक 'चूक' लोक नेहमी सांगतात ती चूक नाही, हे नोंदवते. कोवाल्स्की सोयुझचं दार बाहेरून उघडून आत येतो आणि स्टोनच्या डोक्यावर हेल्मेट नसतं. निर्वातात ती जिवंत कशी राहिली, असं बऱ्याच जणांनी मला विचारलंय. तो आलेलाच नाही! तिने स्वतः केबिनचा ऑक्सिजन कमी केलाय आणि तिला भास होतोय. मी भूलतज्ज्ञ आहे. ऑक्सिजन कमी पडला की आधी विचारशक्ती आणि निर्णय बिघडतात, माणसाला ते कळतही नाही, कधी कधी उलट छान वाटतं. त्या प्रसंगातली तिची शांतता मला पटली.

मला खटकलं ते वेगळंच. ती स्टेशनमध्ये शिरते, काही क्षणांत सूट उतरवते आणि आत फक्त बनियन आणि शॉर्ट्स. खऱ्या सूटच्या आत पाण्याच्या बारीक नळ्या शिवलेला, अंग गार ठेवणारा अंगरखा असतो आणि डायपर असतो. शिवाय अमेरिकन सूटमध्ये हवेचा दाब आपल्या वातावरणाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असतो. स्टेशनमध्ये दाब पृथ्वीसारखाच. म्हणून बाहेर पडण्याआधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घेऊन रक्तातला नायट्रोजन काढावा लागतो, नाहीतर पाणबुड्यांना होतो तसा त्रास होतो. स्टोन दुसरा सूट चढवते आणि थेट बाहेर. पण गर्भातल्या बाळासारखी ती गोल तरंगते तो शॉट डायपर आणि नळ्यांसकट झाला नसता, हेही मान्य.

अनुस्वार
डॉक्टर, एक विचारू? खगोलशास्त्रज्ञ नील डीग्रास टायसन यांनी तेव्हा ट्विटरवर चुकांची यादीच दिली होती. त्यात होतं की वैद्यकीय डॉक्टर हबल दुर्बीण दुरुस्त का करतेय. तुम्हाला काय वाटतं?

डॉ_वैजू
मला तर फार आनंद झाला होता! आणि हे अगदी घडलेलं आहे. डिसेंबर १९९३ मध्ये हबलची पहिली दुरुस्ती झाली, त्यात बाहेर जाऊन काम करणाऱ्यांमध्ये स्टोरी मसग्रेव्ह होते. ते डॉक्टरच. चित्रपटात तर स्टोनने स्वतः बनवलेलं उपकरण तिथे बसवलं जातंय.

रातराणी
टायसन यांनी त्याच ट्वीटमालिकेत पुढे चित्रपट खूप आवडला असंही लिहिलं होतं. ते कोणी पुढे पाठवत नाही.

मी ह्यूस्टनच्या जवळ राहते. इथल्या स्पेस सेंटरमध्ये शटलची हुबेहूब प्रतिकृती आहे. ती फ्लोरिडात होती तेव्हा तिचं नाव 'एक्स्प्लोरर' होतं, म्हणजे चित्रपटातल्या शटलचंच. इथे आणल्यावर, चित्रपट आला त्याच वर्षी, तिचं 'इंडिपेंडन्स' झालं. मुलांना दाखवताना मी जुनंच नाव सांगते.

दुर्बीणवाला
आता माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी चूक, आणि ती दोर नव्हे. हबलवरून स्पेस स्टेशनवर जेटपॅकने जाणं.

नुसतं अंतर आणि उंची हा प्रश्न नाही. हबल तेव्हा साधारण साडेपाचशे किलोमीटरवर, स्टेशन चारशेच्या थोडं वर, इथवर ठीक. अडचण कक्षेच्या कलाची आहे. हबलची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांत कललेली, स्टेशनची ५१.६ अंशांत. दोघंही सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर पळतात, पण वेगवेगळ्या दिशांना. कल २३ अंशांनी बदलायचा तर वेगात सेकंदाला सुमारे ३ किलोमीटरचा बदल करावा लागतो. १९८४ मध्ये खरा जेटपॅक वापरला गेला (ब्रूस मॅककँडलेस यांचा तो एकट्याने तरंगतानाचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय), त्याची सगळी टाकी संपवली तरी बदल होता सेकंदाला २५ मीटरच्या आसपास. शंभरपटीहून जास्त कमी. इंधन भरलेल्या अख्ख्या शटललाही ते जमलं नसतं.

आणि हे फक्त कागदावरचं गणित नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' कोसळलं, कल्पना चावला आणि सहा जण गेले. त्यानंतर नासाने विचार केला की शटलच्या कवचाला इजा झाली तर प्रवासी स्पेस स्टेशनवर आसरा घेऊ शकतील. पण हबलकडे गेलेलं शटल स्टेशनपर्यंत पोहोचूच शकत नाही. म्हणून जानेवारी २००४ मध्ये हबलची शेवटची दुरुस्ती मोहीम चक्क रद्द केली. खूप विरोध झाला, २००६ मध्ये निर्णय फिरला. मे २००९ मध्ये 'अटलांटिस' गेलं तेव्हा 'एंडेव्हर' दुसऱ्या लाँचपॅडवर सुटकेसाठी तयार उभं ठेवलं होतं. 'चला, शेजारच्या स्टेशनवर जाऊ' हा मार्ग नव्हता म्हणून एक अख्खं शटल राखीव ठेवावं लागलं. चित्रपट नेमका त्याच मार्गावर उभा आहे. मला हे लागतं कारण माणसं खरोखर त्या प्रश्नाशी झुंजली होती.

लाटकर
हे माहीत नव्हतं. एंडेव्हर उभं ठेवलं होतं ही गोष्ट ऐकून अंगावर काटा आला. यावरही चित्रपट व्हायला हवा. माझा आधीचा सूर जरा चढा होता, माफ करा. लिहीत राहा.

अनुस्वार
+१. आणि ते ९० मिनिटांचं काय? दर ९० मिनिटांनी तोच कचरा परत येतो. कचरा त्यांच्यापेक्षा वेगाने जात असेल तर त्याची कक्षाच वेगळी झाली ना?

दुर्बीणवाला
बरोबर, पण इथे मी चित्रपटाची बाजू घेईन. कचरा 'जास्त वेगात' असायची गरज नाही, फक्त आडव्या कक्षेत हवा. दोन बैलगाड्या गोल रिंगणात सारख्याच वेगाने फिरतायत, पण रिंगणं एकमेकांना छेदतात, असं समजा. एकदा छेदावर गाठ पडली की एका फेऱ्यानंतर तिथेच पुन्हा गाठ. पृथ्वीभोवतीचा एक फेरा दीड तासाच्या आसपास. म्हणजे ९० मिनिटं अगदी हवेतली नाहीत. कोवाल्स्की घड्याळ लावायला सांगतो ते शहाणपणाचं आहे.

चूक पुढची. स्टोन तीन वेगवेगळ्या जागी जाते आणि तिन्हीकडे कचरा वेळेवर हजर. आणि संपर्क तुटण्याचं कारण: ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाशी बोलणं ज्या उपग्रहांमार्फत होतं ते ३६,००० किलोमीटरवर असतात. खालच्या कचऱ्याने त्यांना काही होणार नाही.

सांगलीचा_हॅम
संपर्काचा विषय निघाला म्हणून. सोयुझमधून ती ग्रीनलंडच्या अनिंगाकशी रेडिओवर बोलते, कुत्री भुंकतात, बाळ रडतं. सगळे विचारतात, हे शक्य आहे का? शक्य आहे आणि मी त्यातलं थोडं अनुभवलंय. माझ्याकडे हौशी रेडिओचं लायसन्स आहे. गच्चीवर हाताने धरायचा यागी अँटेना घेऊन १४५.८०० मेगाहर्ट्झवर स्पेस स्टेशनवरचा आवाज ऐकला तेव्हा हात कापत होते. स्टेशन क्षितिजावर उगवतं, जास्तीत जास्त दहा मिनिटं असतं आणि मावळतं. येताना वारंवारिता थोडी वर, जाताना थोडी खाली, डायल फिरवत राहावं लागतं. त्यामुळे त्यांचं बोलणं मधेच तुटतं ते मला फार खरं वाटलं. त्या माणसाची बाजू दाखवणारा छोटा चित्रपट दिग्दर्शक क्युअरॉन यांचा मुलगा होनास याने वेगळा केलाय, जरूर बघा. बर्फावर तंबू, आणि तोच संवाद दुसऱ्या टोकाकडून.

केशर_आंबा
अवांतर: सुरुवातीला त्यांचा सहकारी अंतराळवीर शरीफ 'मेरा जूता है जापानी' गुणगुणतो तेव्हा आमच्या ठाण्याच्या थिएटरात शिट्ट्या वाजल्या होत्या. पाच मिनिटांत त्याचं जे होतं ते पाहून तेच थिएटर गप्प. त्याच्या कुटुंबाचा फोटो तरंगताना दिसतो ना? तो मी विसरू शकत नाही.

पाऊसवेडी
अवांतरात भर: मंगळयानाचा खर्च साधारण ४५० कोटी रुपये, आणि पंतप्रधान मोदी जून २०१४ मध्ये श्रीहरिकोट्याला म्हणाले होते की 'ग्रॅव्हिटी'चा खर्च त्याहून जास्त होता. तेव्हा मी कॉलेजात होते, आमच्या नोटीस बोर्डवर ते कात्रण कितीतरी दिवस होतं.

रातराणी
चुकांच्या गर्दीत एक गोष्ट चित्रपटाने आधीच सांगितली ती राहू नये. कथेत रशिया स्वतःचाच उपग्रह क्षेपणास्त्राने फोडते आणि तुकडे सगळ्यांवर येतात. तेव्हा वाटलं असेल, कोण असं करेल? चीनने २००७ मध्ये ८६५ किलोमीटरवर स्वतःचा जुना हवामान उपग्रह फोडून तीन हजारांहून जास्त तुकडे केले होतेच. आपणही मार्च २०१९ मध्ये चाचणी केली, पण ती तीनशे किलोमीटरच्याही खाली होती म्हणून बहुतेक तुकडे लवकर खाली आले. आणि १५ नोव्हेंबर २०२१ रोजी खुद्द रशियाने आपला जुना उपग्रह फोडला, दीड हजारांवर तुकडे झाले. स्टेशनवरच्या सात जणांना आपापल्या यानांत जाऊन दारं लावून बसावं लागलं. त्यात रशियाचेही लोक होते. त्या रात्री मला झोप लागली नाही, डोळ्यांसमोर स्टोनच होती.

पाऊसवेडी
आणि शेवटी ती तळ्यात पडते तेही अशक्य नाही. १९७६ मध्ये सोयुझ २३ थेट कझाकस्तानातल्या तेंगिझ तळ्यात उतरलं होतं, कडाक्याच्या थंडीत, रात्री. दोघांना बाहेर काढायला कित्येक तास लागले. दोघंही वाचले.

घाटवाट
धागा वाचत होतो, पण दोराबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. मी सह्याद्रीत रेस्क्यूला जाणाऱ्या एका गटात आहे. गणित माझं कच्चं, पण दोर रोज हातात असतो.

दुर्बीणवाला, तुम्ही 'ते थांबलेत' असं धरून चाललात. थांबलेत कशावरून? कॅमेरा त्यांच्याबरोबर सरकत असेल तर ते थांबल्यासारखेच दिसणार. स्टोनचा पाय गाठीत बांधलेला नाही. दोराचे वेढे नुसते बुटाभोवती आहेत. कोवाल्स्की स्वतः म्हणतो की दोर सैल आहेत. असा वेढा सरकायला लागला की तो पकडत नाही, नुसता घासतो. दरीत स्ट्रेचर उतरवताना आम्ही हेच करतो: दोर डिसेंडरमधून (दोराला घासून वेग कमी करणारं साधन) घासत सोडायचा. एका माणसाचं वजन सहज थांबतं. तेवढ्याच घासण्यावर स्ट्रेचर आणि सोबत उतरणारा असे दोघं आले की दोर पळायला लागतो. थांबतो, पण खूप पुढे जाऊन. एका रात्री दोर माझ्या हातमोज्यातून असा पळाला होता आणि शेवटची गाठ हाताला लागली तेव्हा थांबला. ती गाठ नसती तर? स्टोनच्या दोराला शेवटी गाठ नाही.

ओढ नसली तरी चाल असते, एवढंच म्हणायचंय.

दुर्बीणवाला
घाटवाट, तुम्ही मला निरुत्तर केलंत. बसून मांडलं.

समजा दोघं स्टेशनपासून सेकंदाला एक मीटर वेगाने दूर जातायत, म्हणजे रमतगमत चालण्याइतके. बुटावर दोर घासून मिळणारं बळ ५० न्यूटन. दोघांचं मिळून वस्तुमान ५५० किलो. थांबायला साडेपाच मीटर दोर लागेल. कोवाल्स्की सुटला तर उरते स्टोन आणि तिचा सूट, २०० किलो. तीच घासण, पण दोन मीटरमध्ये थांबेल. घासणारा दोर तीन-चार मीटरच उरला असेल तर दोघं राहिले तर दोघं जातात, एक सुटला तर एक वाचतो. आणि सुटल्यावर तो त्याच चालीने पुढे जात राहणार. पडद्यावर तो जातोच.

मी बळ शोधत होतो, वेग विसरलो. माझं आधीचं 'चूक आहे' मागे घेतो. ते अजून सरकतायत हे चित्रपटाने डोळ्यांना नीट दाखवलं नाही एवढी तक्रार ठेवतो.

लाटकर
मी आज चार वेळा हे वाचलं. धन्यवाद घाटवाट, धन्यवाद दुर्बीणवाला.

मृगशीर्ष
तुम्हा सगळ्यांची मी ऋणी आहे. काल रात्री जेवणाच्या टेबलावर करून पाहिलं. लेकीची जुनी चाकांची पाटी घेतली, तिला सुतळी बांधली, सुतळीचं दुसरं टोक जाड पुस्तकाखाली नुसतं दाबून ठेवलं. पाटीवर तांदळाचा एक पुडा ठेवून ढकललं, सुतळी थोडी सरकली आणि पाटी थांबली. तीन पुडे ठेवून तेवढ्याच वेगाने ढकलायचा प्रयत्न केला, तर सुतळी पुस्तकाखालून पूर्ण निघाली आणि पाटी टेबलावरून खाली. तांदूळ घरभर.

तिने पुन्हा प्रसंग लावला. या वेळी ती काही बोलली नाही. कोवाल्स्की लांब जाईपर्यंत बघत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे त्याने हे एवढं सगळं तेवढ्यात ओळखलं?"

आता तिचा पुढचा प्रश्न आहे. स्टोन अग्निशामक नळकांडं छातीशी धरून फवारा मारत चिनी स्टेशनकडे जाते, तर ती सरळ जाण्याऐवजी स्वतःभोवती फिरायला का लागत नाही? दुर्बीणवाला, घाटवाट, वेळ असेल तेव्हा सांगा. तांदूळ संपलेत, पण घरात चाकाची खुर्ची आहे.